सोसायटीत स्मार्ट वॉटर मीटर: पाणी खरंच वाचतं, की नुसती ॲपची हौस?

सी_विंग_४०३ | १२ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

राहायला पुण्यात, उंड्रीत. तीन विंग, ११२ फ्लॅट. दोन बोअर आहेत, त्यातली एक फेब्रुवारीतच हवा ओढायला लागते. बाकी सगळी भिस्त टँकरवर. गेल्या एजीएमला मी अर्धा तास उशिरा पोचलो, तोवर माझं नाव सेक्रेटरी म्हणून लिहून झालं होतं. "तुम्ही आयटीतले, तुम्हाला काय अवघड?"

एप्रिलचा हिशोब देतो. रोजचे सरासरी ८ टँकर, प्रत्येकी १० हजार लिटर, दर १४०० रुपये. महिन्याचे ३ लाख ३६ हजार, म्हणजे फ्लॅटमागे ३ हजार फक्त पाण्याचे. आमच्याकडे माणसं साधारण ३९०. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या मापाने आम्हाला ५३ हजार लिटर पुरायला हवं. आम्ही नुसतं टँकरचंच ८० हजार संपवतो, आणि बोअरचं वेगळं. मधलं पाणी कुठे जातं, कोणालाच माहीत नाही. ए विंगवाले म्हणतात सी विंगवाले गाड्या धुतात. सी विंगवाले म्हणतात ए विंगमध्ये रोज दोनदा लादी पुसतात.

मागच्या रविवारी एका कंपनीने कमिटीपुढे सादरीकरण केलं. पहिल्या स्लाइडवर हिरवं पान, दुसरीवर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांचं ते रंगीत चक्र, तिसरीवर "डिजिटल तंत्रज्ञानातून पर्यावरण संवर्धन". किंमत थेट अकराव्या स्लाइडवर. आमच्या प्रत्येक फ्लॅटला पाणी तीन ठिकाणांहून येतं, स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम. म्हणजे ११२ फ्लॅटना ३३६ मीटर. एक मीटर ४५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७ लाख ८४ हजार. शिवाय ॲपचं भाडं फ्लॅटमागे महिना ६० रुपये, ते कायमचं. पाणी ३५ टक्के वाचेल म्हणाले. कसं, असं विचारल्यावर म्हणाले, "अवेअरनेस."

चेअरमन काका एकदम खूश आहेत. त्यांना दिवाळीआधी उद्घाटन करायचंय. मला मात्र रोज ऑफिसात डॅशबोर्ड बनवायचा पगार मिळतो, आणि ते डॅशबोर्ड कोण बघतं हेही मला माहीत आहे. म्हणून विचारतो. कोणाकडे हे बसवलंय का? पाणी खरंच कमी झालं का? आणि बिल फ्लॅटवार लावलं तर किती भांडणं झाली, तेही मोकळेपणाने सांगा.

---

ट्रंककॉल | १३ मे, सकाळी ६:०५

सेक्रेटरीसाहेब, अभिनंदन करू की सांत्वन?

मी बावधनची. आमच्याही तीन विंग, पण लहान. प्रत्येकीत २४ असे ७२ फ्लॅट. जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस घेऊन घरी बसले आणि महिन्याभरात खजिनदारपद गळ्यात पडलं. त्याआधीची सगळी नोकरी टेलिफोनमध्ये. तेव्हा मीटर या विषयावर माझं जरा ऐकून घ्या.

मी १९८६ ला लागले तेव्हा एक्स्चेंजला मीटररूम असायची. हजारो ग्राहकांचे बोटभर मीटर रांगेने बसवलेले, पल्स पडली की टक् करून आकडा एकाने पुढे. ठरलेल्या तारखेला त्यांचे फोटो काढायचे आणि फोटोवरून बिलं बनायची. बिलं वाटली गेली की दुसऱ्या दिवशी खिडकीशी रांग. "माझा मीटर पळतो." दर वाढला त्या महिन्यात रांग दुप्पट. मीटर तेच, तारा त्याच. लोक भांडायचे दराशी, नाव घ्यायचे मीटरचं. तुमच्याकडे ३३६ मीटर लागले की तुम्ही ती खिडकी व्हाल, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही मार्च २०२२ मध्ये पाच मीटर घेतले. फक्त पाच. एक बोअरच्या पाइपावर, एक टँकर जिथे रिकामा होतो तिथे, आणि प्रत्येक विंगच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली उतरतं तिथे एकेक. प्लंबरच्या मजुरीसकट ६८ हजार. मीटर साधे, फिरत्या चक्रीचे, पण पल्स देणारे, म्हणजे ठरावीक पाणी गेलं की विजेचा एक ठोका. बी विंगमधला एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने एक डबी बनवून दिली. ती दर पंधरा मिनिटांनी आकडा एका शीटमध्ये टाकते. डबीचे मी त्याला दोन हजार आणि एक डबा चकल्या दिल्या.

पहिल्या आठवड्यात दिवसाचे आकडे बघून काहीच कळेना. सकाळी सहा ते नऊ डोंगर, संध्याकाळी टेकडी, ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग मुलगा म्हणाला, काकू, रात्रीचे बघू. रात्री २ ते ४ या दोन तासांत ए विंगमधून गेले ९० लिटर, सी मधून १४०, आणि बी मधून १२००. सगळी विंग झोपलेली असताना बाराशे लिटर! आधी मी डबीवरच संशय घेतला. दुसऱ्या रात्री अडीच वाजता बॅटरी घेऊन गच्चीवर गेले आणि पाइपाला कान लावला. वाहतं पाणी ऐकू येत होतं.

पाणी कुठे जात होतं? फ्लशच्या टाक्यांतून. आतला रबरी वॉशर झिजला की टाकीतलं पाणी भांड्यात झिरपत राहतं, बॉलकॉक तेवढं परत भरत राहतो. आवाज नाही, ओल नाही, घरच्यांना पत्ता नाही. शोधायचा उपाय जुनाच: टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचा नाही, आणि भांड्यात रंग उतरतो का बघायचं. २४ घरांतल्या ४८ टाक्या मी आणि प्लंबरने दोन दिवसांत बघितल्या. १३ गळत होत्या. त्यातल्या दोन एका कुलूपबंद फ्लॅटमधल्या. मालक मुलाकडे कॅनडाला, सात महिने घरात माणूस नाही, आणि दोन्ही संडास अखंड अभिषेक करतायत. शेजारणीकडे किल्ली होती म्हणून निभावलं.

वॉशर आणि मजुरी मिळून ५२०० रुपये गेले. रात्रीचे १२०० लिटर १५० वर आले. दोन तासांत १०५० वाचले, म्हणजे दिवसाला १२,६०० लिटर. रोजचा सव्वा टँकर. हे वॉशर काय स्मार्ट नव्हते.

आता टँकरच्या मीटरची गोष्ट. तो १० हजार लिटरच्या टँकरला साडेआठ-पावणेनऊ हजार दाखवायचा. टँकरवाला म्हणाला मीटर खोटा. खरं तर त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकत होतं, कारण पाइप पूर्ण भरून वाहत नसेल तर असा मीटर बरोबर दाखवत नाही. मग मी बांबू आणला. आमची जमिनीखालची टाकी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद. म्हणजे २४ चौरस मीटर. त्यात १० हजार लिटर ओतले तर पाणी साधारण ४२ सेंटिमीटर चढायला हवं. पंप बंद ठेवून बांबू बुडवला, टँकर रिकामा झाल्यावर परत बुडवला. ३६ सेंटिमीटर. म्हणजे ८,६४० लिटर. बांबूपुढे त्याचं काही चाललं नाही. "ताई, रस्त्यात हिंदकळतं हो." मी म्हटलं, हिंदकळलेल्याचे पैसे रस्त्याकडून घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून ४१-४२ यायला लागलं.

ॲपचं म्हणाल तर तेही केलं होतं आम्ही वर्षभर. पहिल्या महिन्यात ६० जणांनी उतरवून घेतलं. पाचव्या महिन्यात उघडणारे सात, त्यात मी आणि तो मुलगा. पण लिफ्टशेजारच्या फळ्यावर दर सोमवारी मी खडूने तीन आकडे लिहिते, ए, बी, सी. ते सगळे वाचतात, आणि बी विंगवाल्यांना अजून चिडवतात.

एक डिजिटल गोष्ट मात्र मनापासून आवडली. गच्चीच्या टाक्यांना पातळी बघणारे सेन्सर लावले, टाकी भरली की पंप आपोआप बंद. आधी आमचे पंपवाले काका गुडघे धरत सहा मजले चढायचे, आणि रात्री डोळा लागला की टाकी ओसंडून पाणी थेट गटारात. आता त्यांच्या केबिनमध्ये तीन दिवे आहेत. त्यांना ॲप नको होतं, दिवे हवे होते.

फ्लॅटवार मीटरचा ठराव आम्हीही आणला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) पाण्याचं शुल्क नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून घ्यायचं असं आहे, त्यामुळे मीटरवर बिल लावायचं तर सभेपुढे नीट मांडावं लागतं. तीन सभा झाल्या. चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या वरती सहा विद्यार्थी; आज दोघांना सारखंच पाणी लागतं असं बिल म्हणतं. तरी ठराव ३८ विरुद्ध ३१ ने पडला. मी बाजूने मत दिलं होतं, हरले. पण आधी मीटर बसवून मग दर ठरवायला बसलो असतो तर पैसेही गेले असते आणि मीटरही उपटले गेले असते. दर आधी ठरवा. महिन्याला किती हजार लिटरपर्यंत मेंटेनन्समध्ये, त्यापुढे काय भाव, माणसं मोजायची की फ्लॅट. ते कागदावर उतरलं तरच मीटरची किंमत विचारा.

---

उगाच_शंका | १३ मे, सकाळी ९:४०

+१ काकू. बांबूला तर +१००.

माझ्या भावाच्या सोसायटीत (वाकड) फ्लॅटवार मीटर आहेत. पाणी कमी झालं, हे मान्य करतो. पण पहिल्या उन्हाळ्यात तिथल्या कमिटीने दर रविवारी यादी टाकायला सुरुवात केली, सगळ्यात जास्त वापरणारे दहा आणि सगळ्यात कमी वापरणारे दहा. सगळी यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर, फ्लॅट नंबरसकट. कमीवाल्यांचं अभिनंदन, टाळ्यांचे इमोजी. भाऊ कोकणात गेला होता, त्याचा फ्लॅट पहिला आला. आठ दिवस शून्य लिटर. म्हणजे "आमच्या घरी कोणी नाही, कुलूप आहे" अशी पाटी कमिटीनेच लावून दिली की. ड्रायव्हर, कामवाल्या, भाडेकरूंचे भाडेकरू, सगळे त्या ग्रुपवर.

पाण्याचा मीटर म्हणजे तुम्ही कधी उठता, कधी आंघोळ करता, कधी गावाला जाता, याची रोजनिशी आहे. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आपल्याकडे. कंपनीला विचारा, ही रोजनिशी कुठल्या सर्व्हरवर, किती वर्षं, आणि सोडून गेलेल्या भाडेकरूची कधी पुसणार? आमच्या भावाने विचारलं तर सेल्सवाला म्हणाला, "सर, क्लाउडवर सेफ आहे." क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. कुठेतरी चोवीस तास वीज खाणारं, आणि बऱ्याच ठिकाणी पाणी पाजून गार ठेवलेलं गोदाम आहे ते. पाणी मोजायला पाणी.

(हे शेवटचं वाक्य चढवून लिहिलंय, ठाऊक आहे. ३३६ मीटरच्या आकड्यांनी सर्व्हरला घाम फुटत नाही. व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या फुलांनी जास्त फुटत असेल.)

---

सोल्डरची_वाफ | १३ मे, दुपारी १:१५

भोसरीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांत, २२ वर्षं. डबा खाता खाता लिहितोय, शुद्धलेखन समजून घ्या.

ट्रंककॉलकाकूंनी केलं त्याला आमच्या धंद्यात रात्रीचा किमान प्रवाह म्हणतात. शहरांच्या पाइपलाइनीतली गळती शोधायचीही हीच रीत आहे. माणसं झोपली की जे वाहतं त्यात गळतीच जास्त. पाच मीटरमध्ये हे जमतं, ३३६ लागत नाहीत.

आता मीटरबद्दल. चक्रीचा मीटर स्वस्त, पण उंड्रीच्या बोअरमधून बारीक वाळू-माती येत असणारच, ती चक्री खाते. पुढे गाळणी लावा आणि ती महिन्याला धुवा. कोण धुणार तेही आजच ठरवा. शिवाय थेंबथेंब प्रवाहाला चक्री हलतच नाही, म्हणजे एकट्या फ्लॅटच्या मीटरवर फ्लशची गळती दिसेलच असं नाही. अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींनी मोजतो, त्याला फिरता भाग नसतो, बारीक प्रवाहही पकडतो, पण महाग आणि बॅटरीवर. कुठलाही घ्या, बसवताना त्याच्या आधी आणि नंतर सरळ पाइप सोडावा लागतो. कोपऱ्याला चिकटवून बसवलेला मीटर खोटं बोलतो. तुमच्या बाथरूमच्या डक्टमध्ये तेवढी सरळ जागा आहे का, हे कंपनीने बघितलं का? तिथे हात घालायला तरी जागा आहे का?

टाकीची पातळी बघायला लोक अल्ट्रासॉनिक सेन्सर झाकणाखाली लावतात. माझ्या स्वतःच्या इमारतीत लावला, पावसाळ्यात त्यावर वाफ धरली, दिवाळीत कोळ्याने घर केलं. कोळी मध्ये बसला की टाकी नेहमी भरलेली. पंप चालूच होईना, लोक माझ्या नावाने शंख करत होते. आता तळाशी दाबावर चालणारा सेन्सर टाकलाय, दोन वर्षं तक्रार नाही. तळघरात वायफाय पोचत नाही. तिथे लोरा (कमी विजेत लांब पोचणारा) रेडिओ वापरा, आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची पट्टी विनापरवाना खुली आहे.

३३६ मीटर म्हणजे ३३६ लिथियम बॅटऱ्या. दहा वर्षं चालतील म्हणतात. आठ धरा. त्यांचं पुढे काय? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटऱ्यांचे वेगळे नियम २०२२ चे आहेत. परत न्यायची जबाबदारी करारात लिहून घ्या, नाहीतर हिरव्या पानाचा शेवट भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मीटरमधून साधा पल्स किंवा मॉडबस (यंत्रांनी आपसात आकडे द्यायची खुली पद्धत) बाहेर मिळतो का ते विचारा. कंपनी बंद पडली, किंवा ६० चे १६० केले, तर आकडे तुमचे तुम्हाला वाचता आले पाहिजेत. ही एक अट घातली की निम्मे विक्रेते परत फोन करत नाहीत.

जाता जाता एक गणित. काकूंचे १२,६०० लिटर ३० मीटर वर चढवायला पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तरी साधारण अडीच युनिट लागतात. युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, पावणेदोन किलो. चिल्लर. पण टँकर जाऊन-येऊन २० किलोमीटर आणि लिटरला ४ किलोमीटर धरला तर ५ लिटर डिझेल, लिटरमागे २.७ किलो, म्हणजे एका खेपेला साडेतेरा किलो. तुमच्या ८ खेपांचे १०८ किलो, रोज. तेव्हा स्लाइडवर पंपाच्या विजेची बचत मोठ्या अक्षरात असेल तर हसा, आणि खेपा किती कमी होणार ते लेखी मागा.

---

कातळ | १३ मे, रात्री १०:३०

सगळे टाकीपासून वर बोलतायत. मी जमिनीखालचा माणूस, म्हणून खालून लिहितो. भूजलावर काम केलं, आता निवृत्त.

पुण्याखाली काळा पाषाण, बेसाल्ट. अखंड खडकात पाणी मावत नाही. ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. म्हणून तुमची बोअर कोरडी आणि कंपाउंडपलीकडची वाहती, असं होतं. भेग लागली तर लागली. आणि ज्या भेगेतून तुम्ही ओढता तिच्यातूनच शेजारचे दोन टॉवरही ओढत असतील. खडकाला तुमच्या सोसायटीची भिंत दिसत नाही.

जुलै आला की पुणेकर सकाळी चहाआधी मोबाइलवर धरणसाठा बघतो. पानशेत इतके टक्के, वरसगाव इतके, टेमघर, खडकवासला. चारही मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), हे शाळकरी पोरही सांगेल. पण स्वतःच्या इमारतीखालची पाण्याची पातळी किती फुटांवर आहे, हे विचारा. चेअरमनलाही माहीत नसतं. बोअर किती खोल हे छातीठोकपणे सांगतात, पाणी किती खोल ते नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय आपल्या पुण्यातच. ते निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, पण ती विहीर तुमची बोअर नव्हे.

दोन्ही बोअरमध्ये पातळी बघणारा सेन्सर टाका. दोनच. तेही जमत नसेल तर फीतीला लहानशी धातूची वाटी उलटी बांधून सोडा, पाण्याला टेकली की डुबूक असा आवाज येतो. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजायचं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. दर रविवारी एक आकडा वहीत. दोन वर्षांनी तुम्हाला कळेल की तुमची बोअर फेब्रुवारीत हवा ओढते ती आटल्यामुळे, की ऑक्टोबरपासून तुम्ही तिला दिवसाला अठरा तास पळवता म्हणून. शेजारच्या दोन सोसायट्यांनी हेच केलं आणि तिन्ही आकडे एका शीटमध्ये आले, तर ते तुमच्या ॲपपेक्षा मोलाचं. पण शेजारी आकडा द्यायला कचरतात. अनुभव आहे. वाटतं, पाणी आहे हे कळलं तर लोक मागायला येतील.

छतावरच्या पावसाचंही सांगतो, कारण त्याच्याही स्लाइड फिरतात. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची छतं मिळून ९०० चौरस मीटर असतील आणि ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६ लाख ३० हजार लिटर. वाया जाणारं वगळून पाच लाख धरा. ५० टँकर. तुमच्या एप्रिलच्या वापराने सहा दिवस. सहा दिवस कमी नाहीत, पण कोणी "टँकरमुक्त" म्हणालं तर हे गणित पुढे करा.

---

सी_विंग_४०३ | २५ मे, सकाळी ७:५०

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण रात्री जागत होतो. खरंच.

मीटर यायला वेळ लागणार, म्हणून काकूंचा बांबू उचलला. शनिवारी रात्री दीड ते साडेतीन मी आणि बी विंगचा एक मित्र गच्चीवर. पंप बंद, तिन्ही टाक्यांत आधी-नंतर काठी बुडवली. टाक्या ४ बाय ३ मीटरच्या. ए विंग २ सेंटिमीटर उतरली, बी ३, आणि सी ९. सेंटिमीटरला १२० लिटर, म्हणजे सी मधून दोन तासांत १०८० लिटर. सी विंग. माझीच. ग्रुपवर आकडा टाकायच्या आधी मी खाली जाऊन स्वतःचे दोन्ही फ्लश बघून आलो. एक गळतोय. माझ्या बायकोने हा मेसेज वाचायच्या आत दुरुस्त करायचा बेत आहे.

टँकरही मोजले. आमची खालची टाकी ८ बाय ५, म्हणजे १० हजार लिटरला २५ सेंटिमीटर. आम्ही दोघांकडून पाणी घेतो. एकाचे तिन्ही टँकर २५ भरले. दुसऱ्याचे २१, २१ आणि साडेवीस. दुसऱ्याला काल फोन केला. तो म्हणाला, "साहेब, उन्हाने वाफ होते." हिंदकळण्यापेक्षा हे बरं वाटलं.

चेअरमन काका थोडे नाराज आहेत, बांबूचं उद्घाटन होत नाही म्हणून. त्यांना पाच मीटर आणि बोअरचे दोन सेन्सर एवढ्यावर राजी केलंय, आणि केबिनमध्ये दिवे. कंपनीला पल्सची अट ईमेलने विचारली, त्याला सहा दिवस झाले. फ्लॅटवारचा विषय दर ठरवण्यापुरता ऑगस्टच्या सभेत घेणार. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही बोअरची पातळी विचारली, ते म्हणाले कमिटीत ठेवून सांगतो.

या रविवारी सी विंगच्या ३२ घरांत रंग टाकायचाय. ६४ टाक्या. काकू, रंग किती लागेल आणि कुठला घेऊ?

---

ट्रंककॉल | २५ मे, सकाळी ८:१०

पन्नास ग्रॅमची पुडी भरपूर झाली. हिरवा घ्या. आणि आदल्या दिवशी घरोघरी सांगून ठेवा, नोटीसबोर्डावर विसंबू नका. आम्ही लाल टाकला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना कोणी सांगितलंच नव्हतं. भांड्यातलं लाल पाणी रक्त समजून घाबरले, पहाटे साडेपाचला त्यांना ॲम्ब्युलन्समधून तपासायला नेलं. दोन दिवस ठेवून घेतलं होतं बिचाऱ्यांना.